पहिलटकरणीचं वजन आणि खारपाणपट्ट्यातली तहान

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, घशाखाली न उतरणारं. त्यात निंदणाला गेलेली बाई वावरात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळते. ती पहिलटकरीण असेल, तर ही सवय धोक्याची.

गर्भारपणात प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात. वाढतं गर्भाशय उजवीकडे कलतं आणि त्यांच्यावर दाब येतो. त्यात पाणीही टाळलं आणि लघवी तुंबली की जंतूंना वाढायला सवड मिळते. शंभरातल्या दोन ते दहा गर्भवतींच्या लघवीत जंतू असूनही उन्हाळी लागत नाही, ताप येत नाही. उपचार झाले नाहीत, तर अशा शंभरजणींपैकी वीस-तीसजणींच्या मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोहोचतो. मग हुडहुडी भरून ताप, कमरेत कळ, कधी दिवस भरण्याआधीच बाळंतपण. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लघवीचं कल्चर करून घ्यावं. नुसत्या प्रथिनांच्या तपासणीत हे जंतू कळत नाहीत.

आता वजन. सरकारी मार्गदर्शिकेत नऊ महिन्यांत ९ ते ११ किलो वाढ धरली आहे. पहिल्या तिमाहीनंतर महिन्याला साधारण २ किलो. मुळात किडकिडीत मुलीला याहून जास्त हवी. ‘पोर मोठं झालं तर अडेल’ म्हणून सुनेच्या ताटातली भाकर कमी करणाऱ्यांचा मला राग येतो. बाळ कमी वजनाचं निघतं आणि आईच्या अंगात संसर्गाशी झुंजायचं बळ उरत नाही. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या अंगणवाड्यांतून अमृत आहार योजनेत गर्भवतीला एक वेळचं चौरस जेवण मिळतं, ते याचसाठी.

पण महिन्यात ३ किलोंहून जास्त वाढ झाली, तर खूश होऊ नये. ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं. रक्तदाब १४०/९० वर आणि लघवीत प्रथिनं, हा प्रीएक्लाम्प्सिया पहिल्या खेपेला जास्त आढळतो. मूत्रमार्गाचा संसर्ग झालेल्या गर्भवतींत तो अधिक दिसतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर आढळलं. एकामुळे दुसरा होतो, हे मात्र सिद्ध नाही. लघवीत प्रथिनं नुसत्या संसर्गानेही येतात, त्यामुळे वजन, रक्तदाब आणि लघवी एकाच भेटीत पाहणं गरजेचं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत ही तपासणी मोफत होते. मात्र डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज दिसली, तर तारखेची वाट पाहू नये. अमरावतीचं डफरीन किंवा अकोल्याचं लेडी हार्डिंग रुग्णालय, जे जवळ असेल ते त्याच रात्री गाठावं.