रमतगमत खेळणारा, कडक शिकवणारा : जॉर्ज ग्रॅहम

खेळाडू निवृत्त होऊन प्रशिक्षक झाला की आपण एक गोष्ट धरूनच चालतो, ती म्हणजे तो जसा खेळला तसंच तो शिकवणार. शैलीदार खेळाडूचा संघ शैलीदार असणार आणि धसमुसळ्याचा धसमुसळा. आज ज्याच्याबद्दल आपण बोलणार आहोत, त्या स्कॉटलंडच्या जॉर्ज ग्रॅहमने हा समज साफ खोटा ठरवला. मधल्या फळीत तो इतका निवांत खेळायचा की सहकाऱ्यांनी त्याचं नाव 'स्ट्रोलर' ठेवलं होतं, म्हणजे रमतगमत फिरणारा. हाच माणूस पुढे इंग्लंडमधल्या सगळ्यात शिस्तबद्ध बचावफळीचा शिल्पकार झाला. हे कसं झालं आणि त्याची किंमत काय पडली, एवढंच आज बघायचं आहे.

आधी माणूस कुठला ते बघू. ग्लासगोच्या पूर्वेला लॅनार्कशायर नावाचा भाग आहे. तेव्हा तो कोळशाच्या खाणींचा आणि लोखंडाच्या कारखान्यांचा प्रदेश होता. मॅट बझ्बी तिथलाच, जॉक स्टीन तिथलाच. म्हणजे ब्रिटनमधले दोन थोर मॅनेजर या एका पट्ट्यातून आले. याच भागातल्या बार्गेडी या गावात ३० नोव्हेंबर १९४४ रोजी ग्रॅहमचा जन्म झाला. सात भावंडांत तो धाकटा. तो महिन्याचाही झाला नव्हता तेव्हा वडील क्षयाने गेले. आईने मुलं वाढवली. या घरात पैसा म्हणजे काय हे मुलांना लवकर कळलं असणार. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६१ मध्ये तो ॲस्टन व्हिलात आला आणि १९६४ मध्ये चेल्सीत गेला. तिथे तो पुढच्या फळीत खेळायचा आणि गोल करायचा. १९६५ मध्ये चेल्सीने लीग कप जिंकला, त्या संघात तो होता. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये काय झालं बघा. संघ ब्लॅकपूलला मुक्कामी होता. मॅनेजर टॉमी डोकर्टीने रात्री परत यायची वेळ ठरवून दिली होती. आठ खेळाडूंनी ती मोडली आणि डोकर्टीने आठही जणांना घरी पाठवून दिलं. लीग जिंकण्याची संधी असताना! त्या आठांमध्ये टेरी वेनेबल्स होता आणि आपला ग्रॅहमही होता. पुढे शिस्तीचा दंडुका घेऊन उभा राहणारा माणूस आधी रांगेच्या या बाजूला उभा होता.

१९६६ मध्ये तो आर्सेनलला आला. इथे तो हळूहळू मधल्या फळीत सरकला आणि इथेच 'स्ट्रोलर' झाला. त्याच्याकडे फार वेग नव्हता, धावायची फारशी हौसही नव्हती. पण चेंडू पायाशी आला की तो शांत असायचा, नजर वर असायची, पास अचूक जायचा. १९७० मध्ये आर्सेनलने फेअर्स कप जिंकला. १९७१ मध्ये तर लीग आणि एफए कप, एकाच हंगामात दोन्ही. वेम्बलीवर लिव्हरपूलविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात सामनावीर ठरला तो ग्रॅहम. स्कॉटलंडकडूनही तो १२ सामने खेळला.

आता या १९७१ च्या संघाकडे नीट बघितलं पाहिजे. मॅनेजर होता बर्टी मी, आणि मैदानावर प्रत्यक्ष शिकवायचा डॉन हाऊ. हाऊ बचावाचा पक्का जाणकार. संघाची बांधणी कडक होती, म्हणून ग्रॅहमसारख्याला निवांत खेळणं परवडत होतं. घरात बाकी सगळे वेळेवर उठणारे असतील, तर एखाद्याचं उशिरा उठणं खपून जातं, तसंच काहीसं. पण डिसेंबर १९७२ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला गेला. तिथे मॅनेजर म्हणून पुन्हा डोकर्टीच होता. तो संघ आतून खिळखिळा झालेला. १९७४ मध्ये युनायटेड चक्क खालच्या विभागात घसरलं. म्हणजे चार वर्षांच्या आत ग्रॅहमने दोन्ही टोकं अनुभवली. पक्क्या चौकटीत शैली किती शोभते ते पाहिलं, आणि चौकट नसली की तीच शैली कशी ओझं होते तेही पाहिलं. माझ्या मते त्याचं प्रशिक्षण इथून सुरू होतं. त्याने स्वतःसारखे खेळाडू घडवायचं ठरवलं नाही. स्वतःसारख्या खेळाडूला लागते ती चौकट त्याने घडवली.

पोर्ट्समथ आणि क्रिस्टल पॅलेस करत त्याची खेळण्याची कारकीर्द संपली. मग वेनेबल्सच्या हाताखाली त्याने तरुण खेळाडूंना शिकवलं. डिसेंबर १९८२ मध्ये मिलवॉल या लंडनच्या क्लबचा तो मॅनेजर झाला. तिसऱ्या विभागात तळाशी रुतलेला संघ त्याने आधी वाचवला आणि १९८५ मध्ये वरच्या विभागात नेला. १९८६ मध्ये आर्सेनलने त्याला बोलावलं. तेव्हा तो ४१ वर्षांचा होता, आणि १९७१ नंतर क्लबने लीग जिंकलेली नव्हती.

आता त्याची पद्धत समजून घेऊ. त्यासाठी ऑफसाइडचा नियम थोडक्यात सांगतो. पास दिला जातो त्या क्षणी, समोरच्या अर्ध्या मैदानात असलेला आक्रमक चेंडूच्या पुढे असेल, आणि तो व गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे किमान दोन खेळाडू नसतील, तर तो ऑफसाइड. बहुतेक वेळा त्यातला एक गोलरक्षक असतो, म्हणजे उरला एक बचावपटू. आता चारही बचावपटू एका रेषेत उभे राहिले आणि नेमक्या वेळी एकदम चार पावलं पुढे आले, तर आक्रमक आपोआप मागे सापडतो. पण चारातला एक जरी अर्धा सेकंद रेंगाळला, तर सगळा डाव उलटतो. कबड्डीतली साखळी आठवा. हात धरून चढाईवाल्याला घेरायचं तर सगळ्यांनी एकत्र सरकावं लागतं. एक कडी सुटली की चढाईवाला निसटला. फुटबॉलमध्ये हात धरता येत नाहीत, म्हणून ती साखळी डोक्यात असावी लागते.

ग्रॅहमने ही साखळी बांधली, आणि महागडे तारे आणून नाही. टोनी ॲडम्स क्लबमध्येच वाढलेला. वयाच्या २१ व्या वर्षी ग्रॅहमने त्याला कर्णधार केलं. नायजेल विंटरबर्न विम्बल्डनहून आणला, ली डिक्सन आणि स्टीव्ह बोल्ड हे दोघे स्टोकहून. १९९० मध्ये त्यांच्या मागे गोलरक्षक डेव्हिड सीमन आला. सरावात तेच ते रोज. चेंडू डावीकडे गेला की सगळे डावीकडे, मागे गेला की सगळे पुढे. कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यावरही. खेळाडू पाठीमागे त्याला 'गद्दाफी' म्हणायचे. पण साखळी तयार झाली.

तिची पहिली मोठी परीक्षा २६ मे १९८९ ला झाली. पार्श्वभूमी सांगायला हवी. १५ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या सामन्यात प्रचंड चेंगराचेंगरी झाली. त्या दुर्घटनेत एकूण ९७ जीव गेले. त्यामुळे लिव्हरपूल आणि आर्सेनल यांचा लीगमधला सामना पुढे गेला, आणि हंगामातला अगदी शेवटचा सामना ठरला. आर्सेनलचे खेळाडू त्या रात्री फुलं घेऊन मैदानात आले आणि ती त्यांनी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना दिली.

गणित असं होतं. लिव्हरपूल ७६ गुण, आर्सेनल ७३. गोलफरकातही लिव्हरपूल चारने पुढे. म्हणजे नुसतं जिंकून भागणार नव्हतं. लिव्हरपूलच्या घरी, ॲनफिल्डवर, दोन गोलांनी जिंकायला हवं होतं. तसं झालं तर गुण सारखे, गोलफरक सारखा, आणि जास्त गोल केले म्हणून विजेतेपद आर्सेनलला.

असं असताना तुम्ही काय कराल? कोणीही म्हणेल, आक्रमक वाढवा. ग्रॅहमने मधोमध तीन बचावपटू उभे केले! त्याचा हिशोब सरळ होता. पहिल्या अर्ध्यात गोल खायचा नाही, मग दुसऱ्या अर्ध्यात एक मिळवायचा, आणि एक मिळाला की घाबरायची पाळी समोरच्यावर येते. अर्धा वेळ झाला, ०-०. ५२ व्या मिनिटाला ॲलन स्मिथने डोक्याने गोल केला. मग बराच वेळ काहीच नाही. ९० मिनिटं भरत आली. डिक्सनने लांब चेंडू दिला, स्मिथने तो पुढे ढकलला, आणि मधल्या फळीतून धावत आलेल्या मायकेल थॉमसने जादा वेळेत गोल केला. २-० झालं आणि १८ वर्षांनी लीग आर्सेनलकडे आली. तो निर्णायक गोल एका मिडफिल्डरचा होता, हे विसरू नका. मागची साखळी पक्की होती म्हणून त्याला पुढे धावता आलं. त्या हंगामात आर्सेनलने ७३ गोल केले, लीगमध्ये सर्वाधिक.

१९९०-९१ मध्ये तर कमाल झाली. ३८ सामने, पराभव फक्त एक, खाल्लेले गोल १८. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध मैदानात झालेल्या मारामारीबद्दल दोन गुण कापले गेले, तरी लीग जिंकली.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण पद्धत हळूहळू स्वतःच उद्दिष्ट होऊन बसली. थॉमस १९९१ च्या शेवटी गेला, कुठे? लिव्हरपूललाच. मधल्या फळीतला लाडका डेव्हिड रोकॅसल १९९२ मध्ये विकला गेला. त्यांच्या जागी आले ते मेहनती, आज्ञाधारक, पण कल्पकता बेताची. १९९२-९३ मध्ये आर्सेनलने लीगच्या ४२ सामन्यांत ४० गोल केले, म्हणजे सगळ्या २२ संघांत सर्वात कमी. त्याच वर्षी त्यांनी एफए कप आणि लीग कप दोन्ही जिंकले, आणि १९९४ मध्ये कोपनहेगनला पार्मासारख्या तगड्या संघाला १-० ने हरवून युरोपातला कप विनर्स कपही. तेव्हा करंडक येत राहिले, पण बघायची मजा गेली. १९७१ चा 'स्ट्रोलर' ग्रॅहमच्या या संघात बसला असता का? मला नाही वाटत. चौकट कोणासाठी बांधली होती हेच तो विसरला, असं मी म्हणेन.

आणि मग पैशाचं प्रकरण. नॉर्वेचा एजंट रुने हाऊगे याच्यामार्फत आर्सेनलने दोन खेळाडू घेतले होते. त्या एजंटकडून ग्रॅहमने ४,२५,००० पौंड घेतल्याचं उघड झालं. त्याचं म्हणणं असं की ती न मागता मिळालेली भेट होती. रक्कम त्याने क्लबला परत केली. पण फेब्रुवारी १९९५ मध्ये आर्सेनलने त्याला काढलं, आणि फुटबॉल संघटनेने एक वर्षाची बंदी घातली. क्लबच्या पैशाने खेळाडू घेणारा माणूस त्याच व्यवहारातल्या एजंटकडून पैसे घेतो, याला भेट म्हणता येत नाही. लहानपणीच्या गरिबीने ते समजून घेता येईल, माफ करता येणार नाही. दुसऱ्यांच्या अर्ध्या सेकंदाच्या ढिलाईवर ओरडणाऱ्याने स्वतःला मात्र ढील दिली.

बंदीनंतर तो लीड्सला गेला. पहिल्या हंगामात ३८ सामन्यांत गोल फक्त २८, तरी संघ अकराव्या स्थानावर. नंतर टॉटनहॅम, म्हणजे आर्सेनलचे शेजारी आणि पक्के वैरी. १९९९ मध्ये त्यांना लीग कप मिळवून दिला, तरी तिथल्या प्रेक्षकांनी त्याला कधी आपलं मानलं नाही. मार्च २००१ मध्ये तिथूनही त्याला काढलं. त्यानंतर तो मॅनेजर झाला नाही.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "मग सर, याला यशस्वी प्रशिक्षक म्हणायचं की नाही?"

चांगला प्रश्न आहे. नुसते करंडक मोजले तर उत्तर सोपं आहे. पण मी तुम्हाला दुसरं एक दृश्य सांगतो. मे १९९८. ग्रॅहमला जाऊन तीन वर्षं झाली होती. मॅनेजर होता आर्सेन वेंगर, फ्रान्सचा. एव्हर्टनविरुद्ध सामना, जिंकलं की लीग पक्की. आर्सेनल ३-० ने पुढे. शेवटी बोल्डने चेंडू बचावफळीच्या डोक्यावरून अलगद पुढे टाकला, आणि ॲडम्सने धावत जाऊन डाव्या पायाने गोल मारला. पास एका सेंटर बॅकचा, गोल दुसऱ्या सेंटर बॅकचा! ग्रॅहमने घडवलेली तीच माणसं, तिशी ओलांडलेली. वेंगरने त्यांना मोकळं सोडलं हे खरं. पण ज्यांना जागा धरता येत होती, त्यांनाच ती सोडता आली. माझं उत्तर तेवढंच आहे : त्याने शिकवलेलं टिकलं, आणि त्यातला आनंद मात्र दुसऱ्याच्या हाताखाली बाहेर आला. थांबतो.