गॅस ‘संपत’ नसतो

मार्च सरता सरता कोल्हापुरातल्या एसी मेकॅनिकांचे फोन वाजायला लागतात. पलीकडून तक्रारीसोबत निदानही तयार असतं : “एसी गार करंना झालाय बघा, गॅस संपला असंल.”

स्वयंपाकाचा गॅस संपतो, कारण तो जळतो. एसीतला तसा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच तो गॅस फिरत राहतो. घरातल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते तेव्हा उष्णता शोषतो, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होतो तेव्हा ती सोडून देतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. पण त्याआधी तपासायच्या गोष्टी बऱ्याच असतात, आणि त्यातल्या निम्म्या फुकटच्या.

पहिली म्हणजे रिमोट. पोरांच्या हातून तो ‘फॅन’वर गेलेला असतो, किंवा पावसाळ्यात लावलेला ‘ड्राय’ तसाच राहिलेला असतो. ऐकायला हसू येतं, पण अशा घरी व्हिजिटचे पैसे मोजले जातातच. मग जाळी, म्हणजे फिल्टर. पंधरा दिवसांतून एकदा नळाखाली धरली तरी पुरते.

खरा गुन्हेगार अनेकदा बाहेर टांगलेला असतो. गळीत हंगाम उरकत आला की उसाच्या फडांत पाचट पेटतं आणि त्याची काजळी उडत शहराच्या गच्च्यांवर येते. शिवाजी उद्यमनगरच्या बाजूला त्यात कारखान्यांची धूळ मिसळते. हे सगळं आऊटडोअरच्या बारीक पत्र्यांत जाऊन बसतं. मंगळवार पेठेसारख्या दाट वस्तीत आणखी एक अडचण : आऊटडोअरचं तोंड शेजारच्या भिंतीला हातभरावर टेकलेलं. स्वतःच ओकलेली गरम हवा यंत्र पुन्हा ओढून घेतं. घरातली उष्णता बाहेर टाकायला जागाच नाही, तर आत गारवा कुठून येणार? अशा वेळी पाण्याने कॉइल धुणं आणि जागा बदलणं, एवढाच उपाय.

इथे ‘टन’ या शब्दाचा घोळही सोडवायला हवा. त्याचा यंत्राच्या वजनाशी संबंध नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ओढून घेण्याची ताकद म्हणजे एक टन. तासाला १२,००० बीटीयू. कौलारू घर पाडून वर स्लॅब टाकला आणि त्याखालच्या मोठ्या खोलीत एक टनाचा एसी बसवला, तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. यंत्र धडधाकट असूनही खोली गार होत नाही. रिमोटवर १६ केलं म्हणून जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा वारा जास्त थंड होत नाही. तो फक्त थांबायचं विसरतो. नव्या एसींना २०२० पासून सुरुवातीलाच २४ अंशांवर लावून देण्याचा नियम आला, तो विजेचा हिशेब करूनच.

निदानाला थर्मामीटर पुरतो. पंधरा मिनिटं एसी चालवून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजायचं. साधारण आठ ते बारा अंशांचा फरक असेल तर यंत्राची बाजू ठीक आहे, दोष खोलीचा. फरक नसेल आणि आऊटडोअरचा पंखा फिरत असून कॉम्प्रेसर नुसता गुरगुरून बंद पडत असेल, तर साध्या एसीत कपॅसिटरवर संशय घ्यावा. तो मात्र घरच्या पक्कडीचा खेळ नव्हे. वीज बंद केल्यावरही त्यात भार साठलेला असतो.

कॉइलवर बर्फ धरला तर लोक चक्रावतात : इतका बर्फ, आणि गारवा नाही? हवा तुंबली असेल तर बर्फ बहुतेक सगळ्या कॉइलवर पसरतो. गॅस कमी असेल तर तो गॅस आत शिरतो त्या टोकालाच जमतो, उरलेली कॉइल कोरडी. आता मात्र गेज लावायची वेळ आली. चांगला मेकॅनिक आधी नटांच्या जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधतो, गळती बुजवतो, पंपाने नळ्यांतली हवा व ओल ओढून काढतो आणि मगच वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून गॅस भरतो. आजच्या बऱ्याच एसींतला आर-३२ पेट घेऊ शकतो, त्यामुळे गॅस आत असताना नळीला ज्योत लावणं जिवावर बेतू शकतं.

आऊटडोअरच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. पुढच्या वेळी कुणी “गॅस भरतो” म्हणालं, की गळती कुठे सापडली ते आधी विचारा, आणि किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून घ्या.