पाटी, शाळा आणि कादंबरी : सेनेगलमधील शिक्षणपरंपरा व साहित्यभाषेचा प्रश्न

आफ्रिकी साहित्याचा भारतात जो अभ्यास होतो, तो बहुतांशी इंग्रजीत लिहिलेल्या किंवा इंग्रजीत अनुवादित झालेल्या ग्रंथांच्या आधारे होतो. त्यामुळे एखाद्या आफ्रिकी देशाचे साहित्य म्हणजे त्या देशातील युरोपीय शाळेत शिकलेल्यांनी युरोपीय भाषेत केलेले लेखन, असे समीकरण नकळत रूढ होते. प्रस्तुत लेखात पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल या देशाच्या शिक्षणपरंपरांचा साहित्याच्या अंगाने विचार करावयाचा आहे. या देशात अक्षरओळख करून देणाऱ्या तीन वाटा होत्या व आजही आहेत : कुराणशाळा, फ्रेंच शाळा आणि देशी भाषांचे साक्षरतावर्ग. यांपैकी प्रत्येक वाटेने आपली लिपी, आपला वाचक आणि आपला लेखक घडवला. या तिन्हींचा परस्परसंबंध लक्षात घेतल्याखेरीज सेनेगली साहित्याचा इतिहास अपुरा राहतो, हे येथे दाखवावयाचे आहे.

१

यांतील सर्वांत जुनी वाट कुराणशाळेची. तिला वोलोफ भाषेत ‘दारा’ म्हणतात. लाकडी पाटी, घरी केलेली शाई, बोरू आणि मोठ्याने पाठांतर ही तिची साधने. पाटीवर लिहिलेला पाठ मुखोद्गत झाला की पाटी धुवायची आणि पुढचा पाठ उतरवून घ्यायचा. आरंभीच्या वर्षांत विद्यार्थ्याला अरबीचा अर्थ कळतोच असे नाही. अर्थ पुढच्या पायरीवर येतो. आपल्याकडील वेदपाठशाळेतील संथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या क्रमाचे नवल वाटणार नाही. उच्चाराची शुद्धता आणि गुरुसेवा ही या शिक्षणाची दोन अंगे होत. गुरूसाठी भिक्षा मागणे हाही एके काळी विनयाचा संस्कार मानला जाई. पुढे शहरांत या प्रथेला जे शोषणाचे रूप आले, त्यामुळे सेनेगलला २००५ मध्ये मुलांना भीक मागावयास लावून त्यांचे शोषण करण्याविरुद्ध कायदा करावा लागला. तरीही दाराचे सामाजिक स्थान नाहीसे झालेले नाही.

साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या शाळेने केवळ पाठांतर करणारे शिष्य निर्माण केले नाहीत. अरबी लिपी हाती आलेल्यांनी तीच लिपी आपल्या भाषेसाठी वापरली. अरबी लिपीतील वोलोफ लेखनाला ‘वोलोफाल’ म्हणतात. मुरीद संप्रदायाचे संस्थापक अमादू बांबा (१८५३–१९२७) यांनी स्वतः अरबीत विपुल पद्यरचना केली. परंतु त्यांच्या शिष्यांपैकी मूसा का यांच्यासारख्या कवींनी गुरुचरित्र आणि उपदेश वोलोफमध्ये आणला. फ्रेंच शासनाने बांबांना १८९५ मध्ये गॅबोनला हद्दपार केले. १९०२ मध्ये ते परतले. या हद्दपारीभोवती भक्तिकाव्याची जी परंपरा वाढली, ती पाठांतराने व गायनाने शाळेबाहेरच्या माणसापर्यंत पोहोचली. संस्कृत ज्ञानपरंपरेच्या छायेत मराठी संतवाङ्मय उभे राहिले, त्याच्याशी या घटनेचे साम्य वरवरचे नाही; पवित्र भाषेचा अधिकार मान्य करूनच लोकभाषेत बोलण्याचा हा प्रकार आहे. मात्र फ्रेंच प्रशासनाच्या लेखी फ्रेंच न जाणणारा हा सर्व समाज निरक्षरच गणला गेला.

२

फ्रेंच शाळेचा आरंभ १८१७ मध्ये सेनेगल नदीच्या मुखाशी वसलेल्या सें-लुई येथे झाला. झाँ दार या शिक्षकाने तेथे परस्परशिक्षणाच्या पद्धतीने, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्यांकडून मागच्यांना शिकवण्याच्या रीतीने, शाळा उघडली. या पद्धतीच्या प्रवर्तकांपैकी अँड्र्यू बेल यांना ती मद्रासच्या अनाथाश्रमात काम करीत असताना, देशी शाळांतील मुले वाळूवर अक्षरे गिरवताना पाहून सुचली होती आणि युरोपात ती ‘मद्रास पद्धती’ म्हणूनच ओळखली गेली. आपल्या धूळपाटीचा असा दूरचा प्रवास आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत झाला.

दार यांचा खरा विशेष वेगळाच होता. मुलांना फ्रेंच शब्द पाठ होतात पण अर्थ लागत नाही, हे ध्यानात येताच त्यांनी आधी वोलोफमधून वाचन शिकवावयास आरंभ केला. १८२५ मध्ये त्यांचा कोश आणि १८२६ मध्ये वोलोफचे व्याकरण प्रसिद्ध झाले. परंतु १८२० मध्येच ते मायदेशी परतले होते. १८३२ मध्ये ते पुन्हा आले, पण पुढच्याच वर्षी सें-लुई येथे निधन पावले, आणि त्यांचा प्रयोग मागे पडला. याच सुमारास मुंबई इलाख्यात मराठी पाठ्यपुस्तके छापली जात होती. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला. आणि १८४० च्या दशकात शिक्षणाचे माध्यम मराठी की इंग्रजी या वादात जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषेची बाजू उचलून धरली. दोन्हीकडे प्रश्न एकच होता. फरक असा की, आपल्याकडे प्राथमिक शिक्षण देशी भाषेत राहिले आणि त्यातून वृत्तपत्रे, नाटके, कादंबऱ्या यांचा वाचकवर्ग तयार झाला. सेनेगलमध्ये पहिल्या इयत्तेपासून फ्रेंच आली आणि वोलोफ छापील पानापासून दूर राहिली.

१८५५ मध्ये गव्हर्नर फेदेर्ब यांनी सें-लुई येथे काढलेल्या शाळेचे नावच ‘ओलिसांची शाळा’ असे होते. जिंकलेल्या वा तहात बांधलेल्या सरदारांची मुले तेथे ठेवली जात. पुढे तिला सरदारपुत्रांची व दुभाष्यांची शाळा म्हटले जाऊ लागले. शिक्षण आणि जामीनकी यांचा हा संबंध सेनेगली कथनपरंपरेत दीर्घकाळ जाणवत राहतो. १९०३ मध्ये संपूर्ण फ्रेंच पश्चिम आफ्रिकेसाठी शिक्षणाची नवी रचना झाली आणि शिक्षक घडवणारी जी अध्यापकशाळा सुरू झाली, ती पुढे विल्यम पाँती यांच्या नावाने ओळखली गेली. गोरे बेटावर व नंतर सेबिकोतान येथे ती चालली. मोदिबो केइता, ऊफ्वे-ब्वान्यी, मामादू दिआ हे राजकारणी आणि बेर्नार दादिए हे साहित्यिक याच शाळेतले.

पाँती शाळेच्या दोन उपक्रमांकडे तौलनिक अभ्यासकाने लक्ष द्यावयास हवे. पहिला, १९३० च्या दशकातील विद्यार्थ्यांचे नाट्यप्रयोग. फ्रेंच भाषेतील आफ्रिकी रंगभूमीचा एक उगम तेथे आहे. दुसरा, ‘पाँती वह्या’. सुट्टीत घरी गेलेल्या विद्यार्थ्याने आपल्याच गावचे विधी, कथा, शेती, विवाहपद्धती यांविषयी फ्रेंचमध्ये टिपण लिहून आणावे, असा हा नेम होता. आपल्याच घराकडे परकीय निरीक्षकाच्या नजरेने पाहण्याची ही सवय हाच कादंबरीलेखनाचा पूर्वाभ्यास ठरला, असे म्हणता येईल. याच्या उलट बाजूस शिक्षेचे ‘चिन्ह’ होते : शाळेत मातृभाषेत बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात एखादी ओंगळ वस्तू अडकवली जाई आणि दुसरा कोणी तसाच सापडेपर्यंत ती त्याने वागवायची. अशा रीतीने मातृभाषेतले लेखन निषिद्ध आणि मातृभूमीविषयीचे फ्रेंच लेखन स्तुत्य, अशी विभागणी शाळेनेच करून दिली.

३

या विभागणीचा सर्वांत खोल विचार शेख हमिदू कान यांच्या १९६१ मधील ‘संदिग्ध साहस’ या अर्थाच्या शीर्षकाच्या कादंबरीत आढळतो. सांबा दिआलो हा मुलगा प्रथम कठोर गुरूच्या कुराणशाळेत आहे. उच्चारातली चूक तेथे शरीरावर उमटते. त्याला परकीय शाळेत घालावे की नाही, हा केवळ कुटुंबाचा प्रश्न नसून संपूर्ण दिआलोबे समाजाचा आहे. सरदाराची थोरली बहीण प्रथेविरुद्ध स्त्रियांनाही सभेला बोलावते आणि उच्चकुलीन मुलांनीच आधी त्या शाळेत जावे असे सुचवते. तिला त्या शाळेचे प्रेम नाही. जेत्याचे सामर्थ्य कशात आहे ते शिकून घेण्याची निकड आहे. पुढे पॅरिसमध्ये तत्त्वज्ञान शिकलेला सांबा दोन्हीकडून तुटतो आणि परतल्यावर त्याचा अंत होतो. ही कादंबरी एका शाळेची निंदा व दुसरीचा गौरव करीत नाही. पाटीने दिलेले मौन आणि वहीने दिलेला प्रश्न या दोन्हींची किंमत ती मोजते. तिचे मोठेपण यात आहे.

मारियामा बा यांच्या १९७९ मधील ‘इतके दीर्घ पत्र’ या अर्थाच्या कादंबरीत हीच फ्रेंच शाळा वेगळी दिसते. बा स्वतः १९३८ मध्ये निघालेल्या रुफिस्कच्या मुलींच्या अध्यापकशाळेत शिकल्या होत्या. त्यांची नायिका रामातुलाय आपल्या गोऱ्या मुख्याध्यापिकेचे स्मरण कृतज्ञतेने करते. पुरुष लेखकाला जी शाळा मुळापासून तोडणारी वाटते, तीच स्त्रीला रूढीबाहेर पाऊल टाकण्याची वाट वाटते. आपल्या सुधारणाकालीन स्त्रियांच्या आत्मकथनांचा अभ्यास करणाऱ्यास हा भेद परिचित असेल.

शाळेत न गेलेल्याची बाजू उस्मान सेंबेन यांनी मांडली. त्यांच्या ‘मनिऑर्डर’ या अर्थाच्या लघुकादंबरीत इब्राहिमा दिएंग याला पॅरिसहून पैसे येतात, पण ओळखपत्र नाही आणि फ्रेंच वाचता येत नाही म्हणून ते त्याच्या हाती पडत नाहीत. फ्रेंचमध्ये लिहिलेली ही कथा दिएंगसारख्याला वाचता येणार नाही, हा पेच सेंबेन यांना बोचत होता. १९६८ मध्ये त्यांनी तिचा वोलोफ चित्रपट केला. पडद्याचा हा आश्रय म्हणजे शाळेच्या अपयशावर कलावंताने काढलेला तोडगा होय.

४

देशी भाषांचा प्रश्न राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. लेओपोल्द सेंघोर यांनी १९३७ मध्येच डाकारच्या व्याख्यानात द्विभाषिक शिक्षणाचा पुरस्कार केला होता. १९५३ मध्ये त्यांनी अब्दुलाय साजी यांच्यासह ‘लेक’ नावाच्या चतुर सशाच्या लोककथा गुंफून शाळेसाठी वाचनमाला लिहिली. परंतु ती फ्रेंचमध्ये. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही त्यांनी फ्रेंचचे स्थान हलू दिले नाही. १९७१ च्या आदेशाने वोलोफ, पुलार, सेरेर, दिओला, मालिंके आणि सोनिंके या सहा भाषांच्या रोमन लेखनाचे नियम ठरले. त्याच वर्षी सेंबेन आणि भाषाभ्यासक पाथे दिआन्य यांनी ‘काद्दू’ हे वोलोफ नियतकालिक काढले. पुढे सेंबेन यांचा १९७७ चा ‘चेद्दो’ हा चित्रपट सेनेगलमध्ये अडवला गेला, तो नावातील ‘द’चे द्वित्त शासनमान्य लेखनात बसत नाही या सबबीवर. वोलोफमध्ये व्यंजनाच्या द्वित्ताने अर्थ बदलतो; तेव्हा हा हट्ट केवळ ऱ्हस्वदीर्घाचा वाद नव्हता. भाषेचे लेखन कोणी ठरवावयाचे, हाच मुद्दा होता.

१९८१ च्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेने देशी भाषा आणि धर्मशिक्षण या दोहोंची शिफारस केली. १९९१ मध्ये शिक्षणाचा मूलभूत कायदा झाला; २००२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत धर्मशिक्षण आले; २००४ च्या कायद्याने सहा ते सोळा वर्षे वयोगटासाठी शिक्षण सक्तीचे झाले. दारापासून दूर राहिलेल्या शाळेने दाराचा काही अंश आत घेतला, तो असा. देशी भाषा मात्र मुख्यत्वे प्रौढ साक्षरतावर्गांत आणि प्रायोगिक शाळांत राहिल्या.

तरीही त्या वर्गांनी वाचक घडवले आणि वाचकांनी लेखकांना बोलावले. माम युनुस दिएंग यांची ‘आवो बी’ ही वोलोफ कादंबरी १९९२ मध्ये आली. फ्रेंचमध्ये नाव झालेले बुबाकार बोरिस दिओप यांनी २००३ मध्ये ‘दोमी गोलो’ ही कादंबरी वोलोफमध्ये लिहिली आणि २००९ मध्ये स्वतःच ती फ्रेंचमध्ये पुन्हा रचली. अनुवादाची नेहमीची दिशा येथे उलटली. २०१६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ग्रंथमालेत मारियामा बा यांची कादंबरीही वोलोफ रूपात वाचकांसमोर आली.

या विवेचनातून तौलनिक अभ्यासकासाठी एक निष्कर्ष निघतो. साहित्याचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथांची कालक्रमिक यादी करतो. परंतु ग्रंथ वाचणारा माणूस कोणत्या शाळेत, कोणत्या लिपीत, कोणत्या शिक्षेच्या भयाने अक्षर शिकला, हे विचारीत नाही. सेनेगलच्या बाबतीत हा प्रश्न न विचारल्यास मूसा का धर्मेतिहासात, सेंबेन चित्रपटाच्या इतिहासात आणि दिओप यांची वोलोफ कादंबरी भाषिक चळवळीच्या इतिहासात विखुरली जाते; उरते ते केवळ फ्रेंच साहित्य. वाचकाच्या अक्षरओळखीपासून आरंभ केला, तर हे सर्व एकाच साहित्याचे भाग म्हणून दिसू लागतात. ओवी, बखर, मोडी कागद आणि छापील कादंबरी यांचा एकत्र विचार करू पाहणाऱ्या मराठी अभ्यासकालाही या रीतीने आपले साहित्य पुन्हा तपासून पाहता येईल.