आजोबा, तू जेवलास?

सुरतेच्या पूर्वेकडे पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. तिथे आमच्या मुलाचे बिऱ्हाड आहे. गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघे महिनाभर तिकडे राहिलो. पहिल्याच दिवशी सात वर्षांची नात धावत आली आणि म्हणाली, "आजोबा, तू जेवलास?"

प्रश्न मायेचा होता, पण 'तू' कानाला टोचला. सौ. हसली. मी मात्र मुलाला सुनावले, "पोरीला वळण लावा. मोठ्यांना अहो-जाहो करावे, एवढेही शिकवले नाही?"

मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, तिच्या कानावर मराठी पडते ती घरातच. आणि घरात तिच्याशी सगळेच 'तू'ने बोलतात. 'तुम्ही' ती ऐकणार कुठे?"

मी गप्प झालो. सुरतेत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. जवळच्या लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली मराठी वस्तीही मोठी आहे. पण नात इंग्रजी शाळेत जाते आणि मैत्रिणींशी गुजराती बोलते. गुजरातीतही 'तुं', 'तमे', 'आप' अशा पायऱ्या आहेत, आणि नावापुढे 'भाई' किंवा 'बेन' लावले की निम्मा आदर तिथेच पोचतो.

रात्री पडल्या पडल्या मला आजोळ आठवले. आमचे घर निपाणीकडचे, मराठी. आजोळ गोकाककडचे, कानडी. वडिलांच्या वडिलांना मी कधी 'तू' म्हटले नाही. पण आईच्या वडिलांना मात्र बिनधास्त हाक मारायचो, "अज्जा, नी इल्लि बा!" त्याच गावात अनोळखी माणसाला 'नीवु', 'बर्री' म्हणायचे, हेही मला कळत होते. कानडी अज्जावर माझा आदर कमी होता का? मुळीच नाही. सीमाभागातल्या पुष्कळ घरांत हा अनुभव असेल. एका भाषेत 'अहो' म्हणणारी बाई दुसऱ्या भाषेत 'एनरी' म्हणते. शब्द बदलतो, मान तोच राहतो.

मग वाटले, एखाद्या भाषेत आदराचे सर्वनामच नसेल तर? तशी भाषा होऊन गेली आहे. प्राचीन ग्रीकमध्ये एका माणसाला, तो राजा असो की भिकारी, 'सू' म्हणजे 'तू'च म्हणत. 'हुमेइस' म्हणजे 'तुम्ही', पण ते अनेकांसाठी. एकट्याला मानाने 'तुम्ही' म्हणण्याची रीत आजच्या ग्रीकमध्ये आहे, त्या जुन्या ग्रीकमध्ये नव्हती. म्हणून ग्रीक लोक उद्धट होते असे नव्हे. त्यांचा मान-अपमान हाकेत असे. अथेन्समध्ये नावाआधी 'ओ' लावून बोलत, आपल्या 'ओ काका'सारखे.

इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला. न्यायनिवाड्याला शेकडो नागरिक बसले होते. प्लेटोने लिहून ठेवलेल्या भाषणात सॉक्रेटिस त्यांना 'अथेन्सच्या लोकांनो' असेच म्हणत राहतो, 'न्यायाधीशहो' म्हणत नाही. शिक्षा ठरल्यावर, ज्यांनी त्याला निर्दोष मानले होते त्यांनाच तो 'न्यायाधीश' म्हणतो, आणि हे नाव तुम्हालाच शोभते असे सांगतो. सर्वनाम न बदलता त्याने कोणाला मान द्यायचा ते दाखवून दिले.

त्याच अथेन्समध्ये गुलामाला 'पाइ' म्हणजे 'पोरा' अशी हाक मारत. मग तो गुलाम पिकल्या केसांचा का असेना!

ही गोष्ट मला आठवायला कारण घडले ते दुसऱ्या दिवशी. लिफ्ट बंद होती. मी खाली जाऊन ओरडलो, "ए वॉचमन, लिफ्टचे काय झाले?" तो धुळ्याकडचा माणूस, वयाने माझ्याएवढाच. मान खाली घालून म्हणाला, "बघतो साहेब." मागून नात आली. "काका, तू जेवलास?" त्याचा चेहरा एकदम उजळला. "जेवलो बेटा."

जिना चढताना नातीने विचारले, "आजोबा, तू काकांना 'ए' का म्हणालास?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी तिला 'तुम्ही' शिकवायला निघालो होतो, आणि माझा 'तुम्ही' मात्र माणूस बघून बाहेर पडत होता.

संध्याकाळी मी खाली गेलो, त्याच्याजवळच्या खुर्चीवर बसलो आणि विचारले, "भाऊ, तुम्ही मूळचे कोणत्या गावचे?" नात शेजारीच उभी होती. त्यानंतर रोजच आमच्या गप्पा होऊ लागल्या. शेती, पाऊस, मुलांची लग्ने. आठवडाभराने तिच्या तोंडून ऐकले, "काका, तुम्ही जेवलात?"

तिला कोणी रागावले नव्हते. कानावर पडले ते तोंडात आले. आपल्या मुलांना दोन्ही भाषांतले मानाचे शब्द यावेत असे वाटत असेल, तर ते आधी आपल्या तोंडी हवेत, आणि तेही केवळ साहेबासाठी राखून ठेवलेले नकोत.

मला मात्र ती अजूनही 'तू'च म्हणते. परवा फोनवर म्हणाली, "आजोबा, तू कधी येणार?" आता ते टोचत नाही. गोकाकचा अज्जाही माझ्या 'नी'ला असाच 'ओ' देत असे.