इस्तंबूल ते काठमांडू : खुष्कीची वाट

काल : १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७९ पर्यंत. प्राचीन रेशीममार्ग निराळा. तो व्यापाऱ्यांचा, आणि एकच रस्ता नव्हे.

मार्ग : बॉस्फरसची सामुद्रधुनी, १९७३ साली पूल होईपर्यंत, नौकेने ओलांडून तेहरान, मशहद, हेरात, कंदाहार, काबूल असे मुक्काम करीत येणारा पाठपिशवीधारी प्रवासी खैबर खिंडीतून पेशावरास उतरे आणि लाहोर, अमृतसर, दिल्ली या क्रमाने काठमांडूस, अथवा गोव्यातील हणजुणेच्या किनाऱ्यास पोहोचे.

बामियान : या वाटेवरचे सर्वांत उदात्त स्थळ. हिंदुकुशाच्या कुशीतील कड्यात कोरलेल्या, सुमारे ५५ व ३८ मीटर उंचीच्या ज्या दोन बुद्धमूर्ती त्या पिढीतील प्रवाशांनी डोळे भरून पाहिल्या, त्या मार्च २००१ मध्ये तालिबानने सुरुंगांनी उद्ध्वस्त केल्या. हानी अपरिमित. २००३ पासून हे खोरे जागतिक वारसा-यादीत.

अड्डे : इस्तंबूलचे ‘पुडिंग शॉप’, काबूलची ‘चिकन स्ट्रीट’, काठमांडूची ‘फ्रीक स्ट्रीट’.

मार्गदर्शिका : याच वाटेने आलेल्या टोनी व मॉरीन व्हीलर यांची पुस्तिका, १९७३, ‘लोनली प्लॅनेट’चे हे पहिले प्रकाशन.

मार्ग बंद : १९७९. इराणात राज्यक्रांती, डिसेंबरात अफगाणिस्तानच्या सरहद्दीत सोव्हिएत फौजा.