चौकशीचे दशक

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर मंडलात वर्षानुवर्षे आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी जाणाऱ्या अक्कांचा करार गेल्या महिन्यात संपुष्टात आला, आणि त्याच आठवड्यात, आघात सोसलेल्या माणसाशी सावध चित्ताने कसे वागावे हे शिकविणारी एक गुळगुळीत पुस्तिका त्यांच्या जागी आलेल्या तरुणांच्या हाती पडली. हे मला बोचले, म्हणून हा मागोवा.

1936 साली मुंबईत टाटांच्या नावे निघालेली समाजकार्याची शाळा, 1956 च्या पुनर्रचनेत किनवटचे नांदेडकडे जाणे आणि आमचे आंध्रात राहणे, पुढची योजनांची नीरस वर्षे, हे सारे मी खुशाल ओलांडतो. एवढेच सांगतो, की निजामाच्या मुलकी सेवेतील सेतुमाधवराव पगडी आदिलाबादेत आदिवासींच्या कामावर आले तेव्हा त्यांनी गोंडी आत्मसात केली, आणि मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी 1943 साली मार्लवाईत सुरू केलेल्या शिक्षणकार्यासाठी गोंडी पुस्तके देवनागरीत निघाली. दुःखिताची भाषा आधी शिकावी आणि मग दफ्तर उघडावे, ही रीत या मुलखात इतकी जुनी होती.

ती मोडली 2004 नंतरच्या दशकात. त्या वर्षीच्या जूनमध्ये आंध्र सरकारने 421 क्रमांकाचा आदेश काढून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपये, आणि कर्ज मिटविण्यास आणखी पन्नास हजारांपर्यंत रक्कम देऊ केली. हेतू उदात्त होता; परंतु मरण शेतीच्या कर्जापायीच आले याची रुजुवात महसूल, पोलीस आणि कृषी या तीन खात्यांच्या अधिकाऱ्यांनी करावयाची असल्याने, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सावकाराची चिठ्ठी, पट्ट्याचे पासबुक यांची मिसल पुरी होईतो त्याच्या विधवेला तीच कैफियत पुनःपुन्हा द्यावी लागे, आणि अधूनमधून कॅमेरे घेऊन येणारी शहरी मंडळी तिला ती नव्याने, शक्यतो रडत, सांगावयास लावीत. पैनगंगेपलीकडे यवतमाळातही निराळे नव्हते. तिकडे 2006 पासून लाखातले तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत, आणि त्याआधी ‘पात्र’ की ‘अपात्र’ हा शिक्का.

एका ओसरीवरचा प्रसंग मी पाहिला आहे. कारकून तेलुगूत विचारीत होता, बाई मराठी बोलत होती, आणि दुभाषी होता तिचा तेलुगू शाळेत जाणारा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. औषधाची बाटली कोठे पडली होती, या प्रश्नाचा मराठी तर्जुमा त्याने आईला सांगितलाच नाही. स्वतःच उत्तर दिले, कारण बाटली प्रथम त्याने पाहिली होती. अक्का उठल्या, मुलाला निमित्त काढून दुकानावर पाठविले आणि स्वतः दुभाषी होऊन बसल्या.

त्यांची पद्धत कोणत्याही पुस्तिकेत नव्हती. उंबऱ्याबाहेर थांबून, श्वास ठिकाणावर आल्यावरच त्या आत जात, “आज बोलायचं का, की नुसतं बसू?” असे विचारीत, आणि बाई गप्प राहिली तर खरोखरच नुसत्या बसत. हकिकत एकदाच, तिच्या सवडीने लिहून घेत, आणि पुढे जो कोणी येई त्याच्या हाती तिची नक्कल ठेवीत. एका दिवसात दुसरे घर मात्र घेत नसत. पहिलीचे रडे दुसरीच्या ओसरीवर सांडते, असे म्हणत. आघात सोसलेल्याशी वागण्याची सुरक्षितता, विश्वास, पीडिताची निवड ही तत्त्वे अमेरिकेच्या एका शासकीय संस्थेने 2014 साली प्रसिद्ध केली, तेव्हा अक्का मासिक मानधनासाठी खेटे घालीत होत्या.

त्याच वर्षी तेलंगण झाले. 2015 मध्ये मदत सहा लाखांवर गेली आणि ऑगस्ट 2018 पासून रयतु बीमा आला. विम्याच्या वयोमर्यादेतील पट्टेदार कोणत्याही कारणाने वारला तरी वारसाला पाच लाख मिळतात आणि मरणाच्या कारणाची तहकिकात होत नाही, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु दुसऱ्याचे रान मक्त्याने करून कापूस पिकविणाऱ्याच्या नावावर पट्टाच नसतो, आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोच्या ओसरीवर विमावाले येत नाहीत. अक्का जात असत.