अंजिराची पानं, क्रुसाचं लाकूड

एदेन बागेतल्या त्या फळाचं नाव बायबल सांगतच नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात नुसतं 'फळ' म्हटलंय. सफरचंद चिकटलं ते पुढे, युरोपात. लॅटिनमध्ये 'मलुम' म्हणजे वाईट, आणि जरा लांबवून म्हटलेलं 'मालुम' म्हणजे सफरचंद. या शब्दसाम्यावर त्याचं खापर नेहमी फोडलं जातं. मध्ययुगात 24 डिसेंबरला आदाम-हव्वेची नाटकं होत. भर थंडीत पानाफळांचं झाड आणायचं कुठून? मग सदाहरित सूचिपर्णी झाडालाच सफरचंदं टांगत. 1605 सालच्या एका वर्णनात स्ट्रासबुर्गची माणसं घरातल्या अशा झाडावर कागदी गुलाब आणि सफरचंदं लावताना दिसतात. आपण ख्रिसमस ट्रीला लाल चकचकीत गोळे अडकवतो, त्यांच्यामागे बहुधा हव्वेचं फळ लपलेलं आहे.

पण त्या कथेत नाव घेऊन येणारं एक झाड आहेच, अंजिराचं. फळ खाल्ल्यावर आदाम-हव्वेला आपण उघडे आहोत हे कळलं आणि त्यांनी अंजिराची पानं शिवून नेसली. काही यहुदी गुरूंनी यावरून तर्क केला, की ज्ञानाचं झाडही अंजिराचंच असावं. ज्याच्यापायी लाज आली, त्यानंच ती झाकली. मायकेलअँजेलोनं सिस्टाइन चॅपेलच्या छतावर अंजीरच रंगवलं. मला सफरचंदापेक्षा हे पटतं. फळ नाही आणि पानं मात्र भरपूर, ही अंजिराची प्रतिमा पुढे शुभवर्तमानांपर्यंत पोचते.

मार्कच्या शुभवर्तमानात भुकेलेला येशू पानांनी डवरलेल्या अंजिराकडे जातो. फळ मिळत नाही. तो झाडाला शाप देतो आणि दुसऱ्या दिवशी ते मुळापासून वाळलेलं दिसतं. अंजिरांचा हंगाम नव्हता, असंही मार्कच सांगतो. मग झाडाचा काय गुन्हा? वाचणाऱ्याला हा अन्याय वाटतो, वाटायलाच हवा. त्या प्रदेशातल्या अंजिराला पानांबरोबरच कच्ची फळं धरू लागतात, असा खुलासा जाणकार करतात. त्याहून बोलकी आहे ती मार्कची मांडणी. शाप आणि वाळणं या दोहोंच्या मधोमध त्यानं मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथण्याचा प्रसंग बसवलाय. पूजाअर्चा, यज्ञ, गर्दी, सगळी पानं हिरवीगार. शाप झाडाला नव्हता.

लूकमध्ये हेच झाड दृष्टान्तात येतं, आणि तिथे सूर बदलतो. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाका. माळी अजून एक वर्ष मागतो, भोवती खणीन म्हणतो, खत घालीन म्हणतो. पुढच्या वर्षी काय झालं, ते येशू सांगत नाही. गोष्ट तिथेच सोडून देतो.

लूकमध्येच जक्कय आहे. यरीहोचा हा बुटका जकातदार गर्दीतून येशूला बघता यावं म्हणून झाडावर चढतो. मराठी बायबलात हे झाड उंबराचं आहे आणि भाषांतर अगदी नेमकं साधलंय. मूळ झाड आपल्या उंबराचं सख्खं भावंड. त्यालाही फळांचे घोस खोडाला, जाड फांद्यांना लगडतात. गरिबांचं फळ ते. आमोस संदेष्टा याच उंबरांची निगा राखणारा होता. ही फळं पिकावीत म्हणून कच्ची असतानाच चिरायची पद्धत होती.

द्राक्षवेलाचं तर काय सांगावं! मी वेल, तुम्ही फाटे, असं येशू शेवटच्या रात्री शिष्यांना सांगतो. फळ देणारा फाटाही छाटला जातो, म्हणतो. नाशिककडच्या बागायतदाराला याचं निरूपण नको. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी त्याच्या हाडीमाशी आहे. यहेज्केल संदेष्टा आणखी टोकाचं बोलतो. वेलाच्या लाकडाची साधी खुंटीही होत नाही. इतर झाड वांझ निघालं तर निदान तुळईला जाईल, वेल चुलीतच.

पौलानं गलतीकरांना लिहिताना हीच भाषा आत वळवली. देहाची 'कर्मं' त्यानं अनेकवचनात मोजली. प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंतच्या नऊ गुणांना मात्र एकवचनात, आत्म्याचं 'फळ' म्हटलं. कर्म करता येतं. फळ धरावं लागतं, आणि ते धरतं झाड.

आता लाकडाकडे. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये 'झुलोन' हा एकच शब्द झाडालाही आहे आणि लाकडालाही. पेत्र येशूला 'झुलोन'वर टांगलं म्हणतो तेव्हा तो क्रूस असतो. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात दर महिन्याला फळणारं जीवनाचं झाडही 'झुलोन'च. मध्ययुगीन दंतकथेनं हा धागा पुरता ओढला: आदामाच्या मुलानं बापाच्या थडग्यावर एदेनमधली फांदी लावली, तिचा वृक्ष झाला, त्याच लाकडाचा पुढे क्रूस झाला. पिएरो देल्ला फ्रांचेस्कानं ही कथा पंधराव्या शतकात आरेझ्झोच्या चर्चच्या भिंतींवर रंगवली. रोमच्या सान क्लेमेंतेतल्या बाराव्या शतकातल्या मोझेइकमध्ये तर क्रुसाच्या पायथ्यातूनच वेलबुट्टी फुटून वेदीमागचा सगळा अर्धघुमट भरून टाकते.

आपल्याकडे वसईत झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झावळ्या घरी येतात, काहींचे वळून छोटे क्रूस करतात. वर्षभरात त्या वाळून कडक होतात. पुढच्या उपवासकाळाआधी जुन्या झावळ्या जाळायच्या आणि राखेच्या बुधवारी त्यांचीच राख कपाळावर लावून घ्यायची. ती पुसायच्या आत बाहेर माडांना नव्या झावळ्या आलेल्या असतात.